रिकाम्या पिस्तुलाचा चाप

पॉइंट टू-टूच्या पिस्तुलाची नळी रोज साफ करू नका. हे वाक्य आर्मररच्या तोंडून ऐकलं की लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला कामाचा कंटाळा आलाय. वाटू दे. चोवीस वर्षं मी फौजेत हत्यारं दुरुस्त केली आणि त्यानंतर सात वर्षं गुरुग्रामच्या पुढे, अरवलीच्या उतारावरच्या एका खासगी शूटिंग रेंजवर. कंटाळा यायला मला वेळच मिळालेला नाही.

आधी हे काम काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. फौजेच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक टिकली असते. पिन तिच्यावर आदळते आणि गोळी सुटते. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला टिकली नसते. दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून पिन मध्ये न मारता कडेला मारते. गोळी मऊ शिशाची, वरून मेण चोळलेली. ते मेण नळीत पातळ बसतं आणि पुढच्या प्रत्येक गोळीला सारखी वाट करून देतं. तुम्ही ब्रश घालून नळी लख्ख केलीत की ती वाटच पुसली जाते आणि नंतरच्या वीस-पंचवीस गोळ्या कुठेही जातात. साफ करायचं ते काडतूस बसतं ती जागा, म्हणजे चेंबर, आणि त्याच्या मागची पाटी. शिवाय रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकणारा तो छोटा आकडा. जुना टूथब्रश, स्वच्छ चिंधी, तेलाचे दोन थेंब. तिसरा थेंब टाकलात की दिल्लीची धूळ त्याच्यावर येऊन बसलीच म्हणून समजा.

हे सगळं मला आज ठाऊक आहे. रेंजवर लागलो तेव्हा मी ताजा फौजी होतो. पहिल्याच आठवड्यात क्लबची अकरा पिस्तुलं घेऊन बसलो आणि दोरीला चिंध्या बांधून अशा काही नळ्या चमकवल्या, की त्यांत बघून दाढी करावी. दुसऱ्या दिवशी एकाचंही निशाण लागेना. पोरं डोकं धरून बसली. तिथले एक म्हातारे कोच माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "उस्ताद, आपने तो सबको अंधा कर दिया." मला इतका राग आला होता, की दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, की मग करायचं कसं. त्यांनी सगळं दाखवलं.

गिऱ्हाइकंही एकेक नग. सायबर सिटीत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक मराठी गृहस्थ होते. स्वतःचं परदेशी पिस्तूल, स्वतःचं लायसन्स, आणि पिस्तुलाला कोणी हात लावलेला खपायचा नाही. डिसेंबरात एका सकाळी घाबरेघुबरे होऊन आले. पिस्तुलाची सरकती पट्टी जागची हलेना. उघडून बघतो तर आत पांढरं, दाट काहीतरी जमलेलं. वास घेतला आणि मला माझी आई आठवली. म्हटलं, "साहेब, खोबरेल घातलंत का?" म्हणाले, "अहो, शुद्ध आहे, घाण्यावरचं. आमच्याकडे शिवणयंत्राला तेच घालतात." घालत असतील, पण ते रत्नागिरीला. इथे डिसेंबरात बाटलीतलं तेल चमच्याने खरवडून काढावं लागतं. अर्धा दिवस पिस्तूल उन्हात ठेवलं आणि मग पुसून काढलं. तेवढा वेळ ते शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि रेंजभर घरच्या खोबऱ्याच्या वड्यांचा वास आल्याचं पोरं नंतर महिनाभर सांगत होती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती सांगायला मला अभिमान वाटत नाही, पण लपवायलाही मी तयार नाही.

रेंजवर माझा दुसरा महिना. एका सभासदाने सराव संपवला, पिस्तूल पेटीत घातलं आणि जमा करायला माझ्याकडे आणलं. मी सवयीने पट्टी मागे ओढली तर आतून जिवंत काडतूस टुणकन टेबलावर पडलं. फौजेत असं झालं तर त्या दिवशी कोणाला जेवण जात नाही. मी त्या माणसाला सगळ्यांदेखत झापलं आणि संध्याकाळी सेक्रेटरीसाहेबांकडे गेलो. ते निवृत्त कर्नल, वाराणसीचे, कडक आणि सरळ माणूस. त्यांना म्हटलं, साहब, फौजेची रीत इथे लावू या. लाइन, म्हणजे गोळ्या मारायची जागा, सोडण्याआधी प्रत्येकाने मॅगझिन काढायचं, चेंबर दाखवायचं आणि निशाणाच्या दिशेने रिकामा ट्रिगर दाबायचा. आत चुकून काही राहिलंच तर ते मातीच्या बांधात जाईल, कोणाच्या पोटात नाही. साहेब खूश झाले. आठवड्याभरात पाटी लागली. मी लाइनीमागून फिरायचो आणि न दाबता उठणाऱ्याला ओरडायचो. सात वर्षं ओरडलो.

आता वर सांगितलेलं पुन्हा आठवा. फौजेच्या हत्यारात आत काडतूस नसेल तर पिन मधल्या मोकळ्या भोकात जाते, कोणाचं काही बिघडत नाही. पॉइंट टू-टूत पिन कडेला मारते. आत काडतूस नसेल तर ती कुठे मारणार? चेंबरच्या काठावर, पोलादावर. नव्या पिस्तुलात ती जरा आधीच थांबते. आमची क्लबची पिस्तुलं जुनी होती, थांबवणारे भाग झिजलेले आणि काही पिना बदललेल्या. मीच बदललेल्या.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. खरी लाज तीच आहे. घरी रिकामा ट्रिगर दाबत बसू नका, असं मी पोरांना दम देऊन सांगायचो. पण शिस्तीसाठी दिवसातून एकदा दाबला तर काय होतंय, असं मी धरून चाललो. एकाच पिस्तुलावर दिवसाला सहा-सहा जण हात मारतात आणि नियम प्रत्येकाला लागू असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिस्त आपली म्हणजे ती बरोबरच असणार, अशी माझी खात्री होती.

तन्वी रेंजवर आली तेव्हा अकरावीत होती. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर, क्वार्टर आर. के. पुरमला. तिथून मेट्रो आणि मग शेअरची रिक्षा करत ती एकटी यायची. बोलणं सगळं दिल्लीचं. "काका, यार, आज बिल्कुल मूड नाहीये," असं. मी म्हणायचो, मी तुझा यार नाही. ती म्हणायची, "अच्छा, सॉरी, काकाजी." स्वतःचं पिस्तूल घेणं घरच्यांना शक्य नव्हतं, म्हणून कमिटीने तिला क्लबचं सात नंबरचं पिस्तूल नेमून दिलं. सकाळी बाकीचे सभासद त्याच्यावर शिकायचे आणि दुपारनंतर ते हिचं. कॉलेजला जाईपर्यंत पोरगी अशी मारायला लागली, की कोच मंडळी पाठीमागे उभी राहून बघत.

गेल्या वर्षी तिचं पिस्तूल अडायला लागलं. पुंगळी चेंबरमध्येच रुतायची आणि पट्टी अर्ध्यावर अडकायची. ती माझ्याकडे घेऊन आली. मी आकडा बघितला, स्प्रिंग बघितली, सगळं पुसलं. आत कण नव्हता. म्हटलं, "पिस्तुलात काही नाही. तुझं मनगट सैल पडतंय."

हे मी हवेत बोललो नाही. मनगट ढिलं असलं की धक्का हात खातो आणि पट्टीला पुरेसा जोर मिळत नाही, असं होतं. पण ते तिचं होत होतं की नाही, हे मी नीट तपासलंच नाही. माझं पिस्तूल स्वच्छ आहे ना, मग दोष हाताचा, एवढ्यावर मी थांबलो.

तिने ते खरं मानलं. चार महिने ती पाच किलो आट्याची थैली मुठीत धरून मनगट वरखाली करायची. मनगट सुजलं, त्याला पट्टी बांधून यायला लागली. राज्याच्या स्पर्धेत भरभर मारायच्या टप्प्यात पिस्तूल एकदा अडलं, तिला ती फेरी पुन्हा मिळाली. मग त्याच टप्प्यात दुसऱ्यांदा अडलं. दुसऱ्यांदा माफी नसते. ती पिस्तूल खाली ठेवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, माझा हातच खराब आहे." मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "होईल, मेहनत कर." आज ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

फेब्रुवारीत एका दुपारी मी लाइनीवरच्या पुंगळ्या झाडून बादलीत भरत होतो. तन्वीच्या जागेवरच्या पुंगळ्या उचलल्या आणि उजेडात माझं लक्ष गेलं. प्रत्येकीच्या अंगावर एक ओरखडा, आणि तो पिनेच्या खुणेच्या बरोबर खाली. हात सैल असला तर पुंगळीवर एकाच जागी रेघ उमटत नाही. आत काहीतरी घासत होतं. मी सात नंबर उघडलं आणि कान साफ करायची कापसाची काडी घेऊन चेंबरच्या काठावरून गोल फिरवली. एका जागी कापसाचे धागे अडकले. भिंग लावलं. पिनेने मारून मारून काठ दाबला होता आणि दबलेलं पोलाद आतल्या बाजूला सुईच्या टोकाएवढं वर आलं होतं. गोळी सुटली की पुंगळीचं पितळ फुगतं आणि त्या टोकाला धरून बसतं. मग मी सगळी पिस्तुलं काढली. अकरापैकी आठांचे काठ कमीजास्त दबलेले होते.

बाहेर लाइनीवर कोणीतरी उठलं आणि माझ्या नियमाप्रमाणे रिकामा ट्रिगर दाबला. तो 'टक' आवाज सात वर्षं मला गोड लागत होता.

सेक्रेटरीसाहेबांना सगळं दाखवलं. त्यांनी भिंगातून बघितलं, त्यांना पटलंही. पण त्यांची अडचण वेगळी होती. दर वर्षी तपासणीला येणाऱ्यांना हा नियम दाखवून ते शाबासकी घेत होते. म्हणाले, "नियम तो आपने ही बनवाया था, उस्ताद. अब मैं कमिटी से कहूँ कि सात साल हमने अपनी ही पिस्टलें पीटीं?" मग म्हणाले, सात नंबर तन्वी वापरते. तिने आगाऊपणाने रिकामा ट्रिगर दाबत सराव केला, असा रिपोर्ट लिहा. शूटरचा निष्काळजीपणा. विषय संपला.

रिपोर्ट तसा गेला असता तर क्लबच्या नियमानुसार तिचं नेमून दिलेलं पिस्तूल त्याच दिवशी परत घेतलं गेलं असतं, आणि राज्याच्या संघाची निवड चाचणी नऊ दिवसांवर होती. ते साहेबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

चोवीस वर्षांत मी साहेब लोकांना 'जी साहब'च्या पलीकडे काही बोललो नव्हतो. त्या दिवशीही बोललो नाही. खाली आलो, आर्मरीचं रजिस्टर उघडलं आणि हिंदीत लिहिलं: पिस्तूल क्रमांक सात, चेंबरचा काठ दबलेला. कारण, रिकामा ट्रिगर दाबण्याचा नियम. नियम लावायला सांगणारा, मी. शूटरचा दोष नाही. खाली सही, तारीख, वेळ. त्या रजिस्टरच्या पानांवर छापील आकडे असतात, पान फाडलं तर लगेच कळतं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "ये काट दीजिए." मी म्हटलं, "साहब, दूसरा आर्मरर लाकर उससे कटवाइए."

घरी मंदाला, माझ्या बायकोला, सांगितलं. ती दिल्लीत द्वारकेच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांची भांडणं मिटवते, म्हणून मला वाटलं मलाही समजावेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "साहेबाचं राहू द्या. त्या पोरीला सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. तन्वीला आर्मरीत बोलावलं, भिंग दिलं, कापसाची काडी दिली आणि म्हणालो, तूच फिरवून बघ. तिने फिरवली. भिंग लावून बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे माझं मनगट..."

"तुझं मनगट चांगलं आहे. पहिल्यापासून चांगलं होतं. मी चुकीचं सांगितलं."

"आणि हे झालं कशाने?"

"माझ्या नियमाने."

ती रडली नाही. मला वाटत होतं रडली तर बरं. म्हणाली, "काका, चार महिने मी रोज झोपताना या हाताला शिव्या देत होते. स्टेटची मॅच गेली तेव्हा पप्पा म्हणाले, सोड, नाही होत तर नको करू. मी सोडणार होते. सच्ची." एवढं बोलून ती निघून गेली. ती मला काका म्हणाली हेच खूप झालं, असं मी धरलं.

काठ सरळ करायला एक हत्यार असतं. चेंबरच्या मापाची कडक पोलादी कांडी, ती आत दाबून फिरवली की वर आलेलं टोक बाहेरच्या बाजूला परत बसतं. आम्ही तिला इस्त्री म्हणतो. मायापुरीतल्या एका लेथवाल्याला समोर बसून ती बनवून घेतली आणि कोणालाही न विचारता सात नंबर दुरुस्त केलं. चाळीस गोळ्या मारून बघितल्या. पुंगळ्या गुळगुळीत, ओरखडा नाही. तन्वी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, पिस्तूल उचललं आणि सरावाला लागली.

त्या दिवशी सेक्रेटरीसाहेब मुद्दाम लाइनीवर आले. तन्वीचं संपलं. तिने मॅगझिन काढलं, पट्टी मागे ओढून अडकवली, चेंबर दाखवलं. साहेब म्हणाले, "ट्रिगर." तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मत दबाना." सगळी लाइन आमच्याकडे बघायला लागली.

"उस्ताद, आप दबाकर दिखाइए," साहेब म्हणाले. आवाज खाली होता, पण तो हुकूम होता आणि माझं अंग हुकूम ओळखतं. माझा हात खरंच अर्धा पुढे गेला. मी तो मागे घेतला.

"नहीं दबाऊँगा, साहब. चेंबर खुला है, आप भी देख रहे हैं, मैं भी देख रहा हूँ. अब इसमें झंडी डालिए और बात खत्म कीजिए."

झंडी म्हणजे चेंबरमध्ये खुपसायची पिवळी प्लास्टिकची दोरी. ती आत असेपर्यंत काडतूस आत जाऊच शकत नाही. जगभर हेच करतात. माझ्या खिशात होती, पण मी काढायच्या आधी तन्वीने स्वतःच्या पिशवीतून एक काढली. मोठ्या स्पर्धांना लागते म्हणून तिच्याकडे असायची. ती तिने चेंबरमध्ये घातली, पिस्तूल टेबलावर ठेवलं, दोन पावलं मागे सरकली आणि म्हणाली, "मैं भी नहीं दबाऊँगी, सर." साहेब वळले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून माझी गरज नसल्याचं पत्र मला संध्याकाळीच मिळालं. कारण लिहिलं होतं, आदेशाचं पालन न करणे. बरोबरच होतं, मी पालन केलं नव्हतं. रजिस्टरमधली नोंद मात्र तशीच राहिली, त्यामुळे तन्वीवर रिपोर्ट लिहिता आला नाही आणि पिस्तूलही काढून घेता आलं नाही. आता मी दुसऱ्या दोन रेंजवर जातो. तिथे पहिल्या दिवशीच सांगतो: झंडी घाला, रिकामा चाप दाबू नका, आणि नळीला हात लावायचा तो मी. ज्यांना जमत नाही त्यांनी दुसरा आर्मरर बघावा. माझा मुलगा म्हणतो, पप्पा, या वयात इतकं अडून बसू नये. म्हणू दे. या वयात नाही तर कधी बसायचं?

राहिली निवड चाचणी. मी आता क्लबचा माणूस नव्हतो, म्हणून त्या दिवशी मला तिथे जायला परवानगी नव्हती. दुपारी जेवायला बसलो आणि तन्वीचा फोन आला. तिने आधी नंबर सांगितला. अकरावा. पहिल्या आठांना घेणार होते.

मी घास ताटात ठेवला. म्हटलं, "पिस्तूल अडलं का?"

"नाही काका. पूर्ण साठ गोळ्या. एक पण नाही अटकली." तिचा श्वास लागला होता, पण आवाज रडका नव्हता. "तिसऱ्या सिरीजमध्ये दहाच्या जागी दोन सात गेले. घाई केली. ते माझे होते, काका. पूर्ण माझे. मला माहितीये कुठे चुकलं."

"मग?"

"मग काय, उद्या चार वाजता येते. तुम्ही आता कुठल्या रेंजवर असता ते सांगा."

मी पत्ता सांगितला आणि फोन ठेवला. मंदाने विचारलं, "झालं का तिचं?" मी म्हटलं, नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग हसताय कशाला?"